आधी तान्ह्यांचं बघा

सरकारी नियोजनात सगळ्यात लहान मूल सगळ्यात शेवटी येतं. सोलापुरात विडी वळणाऱ्या आणि शिलाईकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या काळात योजनेचं नाव बदललं, अनुदानाची वाटणी बदलली, देखरेख करणारं खातं बदललं. हा क्रम मात्र बदलला नाही. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला अंगणवाडी आहे. तिथं चार-पाच तास ते सुरक्षित असतं, गरम खिचडी खातं, बडबडगीतं म्हणतं. त्याहून लहान मुलाच्या वाट्याला घरी न्यायच्या आहाराचं पाकीट येतं, महिन्यातून एकदा वजनकाटा आणि ठरलेल्या तारखेला लस. उरलेला सगळा वेळ ते मूल कुणाजवळ असतं, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

विडीचं काम बाहेरच्या माणसाला घरबसल्या कमाईचं वाटतं. ‘घरीच तर असते बाई, पोर सांभाळत काम करते,’ हे वाक्य मी बैठकांमध्ये पुन्हापुन्हा ऐकलंय. ते म्हणणाऱ्यानं सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत सकाळपासून बसून बघावं. बाई आदल्या दिवशीच्या विड्या घेऊन कारखान्यात जाते, तिथं रांगेत थांबते. विड्या तपासल्या जातात, खराब निघतील त्या छाट म्हणून बाजूला पडतात. मग पुढच्या कामाची पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन ती परत येते. स्वयंपाक उरकते, पानं भिजवते, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापते आणि मांडीवर सूप घेऊन बसते. हिशोब हजारावर असतो. हात थांबला की मजुरी थांबते, त्यामुळे संध्याकाळी दिवे लागले तरी सूप मांडीवरच असतं.

अशा खोलीत रांगणारं मूल कुठं जाईल? आईकडेच. आणि आईच्या मांडीवर तंबाखू आहे. एका घरात मी दहा महिन्यांचं पोर पाहिलं. त्याच्या कमरेला जुन्या साडीची पट्टी बांधून तिचं दुसरं टोक कॉटच्या पायाला अडकवलेलं होतं. पट्टीची लांबी नेमकी इतकी की पोर सुपाच्या वीतभर अलीकडे येऊन थांबेल. ते थांबत होतं, दोन्ही हात पुढे करून रडत होतं, आणि आई विडी वळत त्याच्याशी तेलुगूत बोलत होती. ती लांबी तिनं मोजून ठेवली होती. ‘काय करू मॅडम,’ ती म्हणाली, ‘सोडलं तर तंबाखू खातंय. उचलून घेतलं तर हजार भरत नाहीत.’ त्या बाईच्या मायेत काहीही कमी नव्हतं. तिच्याजवळ दुसरा माणूस नव्हता, एवढंच.

आईची ही कोंडी जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन झोपवून जात. त्या काळच्या चौकशांमध्ये याच्या नोंदी आहेत. त्यातूनच गिरणीत पाळणाघर असावं ही मागणी जोर धरत गेली आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात ती तरतूद आली. आधी ५० स्त्री कामगार असतील तिथं, मग दुरुस्ती होऊन ३० असतील तिथं. मळ्यांसाठी, बांधकामांसाठी, विडी उद्योगासाठी वेगवेगळे कायदे झाले, त्यांतही पाळणाघर आलं. २०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. या सगळ्या कायद्यांबद्दल मला आदर आहे, ते लढून मिळालेत. पण प्रत्येक कायदा मालकाच्या छपराखाली किती डोकी आहेत ते मोजतो. सोलापूरच्या विडी कामगार बाईचं छप्पर तिचं स्वतःचं असतं. गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये दहा-पंधरा बायका असतात. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणाऱ्या त्याहून कमी. म्हणजे काम आहे, मजुरी आहे, मालक आहे, आणि तरी कायद्याची संख्या भरत नाही. तिथं सरकारनंच उभं राहायचं असतं. अनुदानित पाळणाघर त्यासाठीच असतं.

सरकार उभं राहिलं नाही असं मी म्हणणार नाही. काम करणाऱ्या आणि आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांची केंद्राची योजना १९७५ पासूनची आहे, अंगणवाडीची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली त्याच वर्षीची. पुढे २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. आमच्या संस्थेनं त्याच योजनेत काम केलं. एका केंद्रात २५ मुलं, सांभाळायला दोन बायका. प्रत्येकीला महिन्याला १००० रुपये मानधन. मुलाच्या पूरक आहारासाठी दिवसाला २ रुपये ८ पैसे. खर्चाचे नव्वद टक्के सरकारचे, दहा टक्के संस्थेचे. या दोन रुपयांत काय शिजवायचं, याचा आम्ही खूप विचार केला. ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, शेंगदाण्याचा कूट घातलेला मऊ भात, डाळीचं पाणी नव्हे तर घोटलेली डाळ. बाजारातला एक भुसारी दुकानदार ज्वारी कमी भावात द्यायचा. मोठ्या मुलांना चुरमुरे चालतात, आठ महिन्यांच्या बाळाला चालत नाहीत. त्याला दर दोन तासांनी थोडंथोडं, कुणीतरी मांडीवर घेऊन भरवावं लागतं. आहाराचा दर ठरवताना धान्याचा भाव लावतात, भरवणाऱ्या हाताचा लावत नाहीत.

वजनाच्या नोंदींवर माझा फार विश्वास आहे, कारण त्यात आमच्या बायकांची मेहनत उतरलेली दिसायची. सहा-सात महिन्यांपर्यंत बाळाची वाढ बरी असते, मग वरचं अन्न सुरू व्हायच्या वेळेला तक्त्यावरची रेघ आडवी होते. त्याच सुमाराला आई पुन्हा पुरत्या कामाला लागलेली असते. कुपोषणावर उपाय म्हणून आपण पाकिटं वाटतो, शिबिरं घेतो, ग्राम बाल विकास केंद्रं चालवतो. यातलं प्रत्येक काम गरजेचं आहे. पण दिवसभर जवळ बसून भरवणारं माणूस मिळालं की ती रेघ पुन्हा वर जाते, हे मी तक्त्यावर बघितलंय. मुलाची मोठी बहीण शाळेत परत जाते तेही बघितलंय. वस्तीतल्या चौथीतल्या, पाचवीतल्या मुली धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभ्या असायच्या. केंद्र सुरू झालं की त्यांतल्या काही जणी दप्तर घेऊन निघायच्या. एका पाळणाघरामुळे दोन मुलांचं बालपण सुटतं. योजनेच्या प्रगती अहवालात या मुलींसाठी रकाना कधीच नव्हता.

आता वेळेबद्दल सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिथं येऊन अडतं.

योजनेप्रमाणे केंद्र दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस चालवायचं. कागदावर हे चांगले तास आहेत. पण हे साडेसात तास कुठले? कार्यालयानं सकाळी साडेनऊ ते पाच ठरवून दिले. विडीवाली बाई आठच्या आधी कारखान्याकडे निघते. तिला सकाळीच मूल ठेवायची जागा लागते. शिलाईवाली नऊला निघते आणि सात वाजता येते. तिला पाचनंतरचे दोन तास लागतात. आम्ही विडी वस्तीतलं केंद्र सात वाजता उघडायला लागलो आणि शिलाईवाल्या बायकांच्या वस्तीतलं सातपर्यंत चालवायला लागलो. दोघी सेविकांनी पाळ्या लावून घेतल्या, मधले तास दोघी एकत्र असायच्या, कारण जेवण आणि झोप त्याच वेळात येते. वस्तीत कुणाची तक्रार नव्हती. मग तपासणी झाली. तपासणीला आलेले साहेब दुपारी उशिरा पोहोचले आणि विडी वस्तीतलं केंद्र बंद दिसलं. ‘वेळेत केंद्र बंद आढळले’ असा शेरा पडला आणि त्या तिमाहीचा हप्ता अडकला. आम्ही मातांच्या सह्या घेऊन अर्ज दिला, कारखान्याच्या वेळा लिहून दिल्या. वरून उत्तर आलं की वेळ बदलण्याची तरतूद मार्गदर्शक सूचनांत नाही. मला आजही हे सांगताना राग येतो. ज्या बाईसाठी योजना आहे तिच्या कामाची वेळ विचारून घ्यायला कुठल्याही तरतुदीची गरज असू नये.

त्या सकाळच्या वेळेत केंद्र कसं असायचं, ते सांगायला हवं. सात वाजता सेविका अक्का दार उघडायच्या. त्यांना आम्ही सगळेच अक्का म्हणायचो, मुलं त्यांना टीचर म्हणायची. आधी फरशी ओल्या फडक्यानं पुसायच्या, मग चुलाणावर पाणी तापत ठेवायच्या. बाई बाळ घेऊन आली की आधी बाळाचे हात, तोंड, मान कोमट पाण्यानं धुवायच्या, कारण घरातल्या तंबाखूचा खकाणा कपड्यालासुद्धा असतो. घरचं झबलं काढून केंद्रातलं घालायचं, घरी जाताना पुन्हा घरचं. दुपारी आई अंगावर पाजायला यायची तेव्हा अक्का तिच्या हातावर साबण ठेवायच्या आणि ती कोपरापर्यंत हात धुऊन येईपर्यंत बाळ तिच्याकडे द्यायच्या नाहीत. नव्यानं आलेल्या सुनांना त्याचं वाईट वाटायचं. अक्का तेलुगूत म्हणायच्या, ‘बाळ तुझंच आहे गं, तंबाखू कारखान्याचा आहे.’ या अक्का सातवी शिकलेल्या होत्या. त्यांनी स्वतः वीस वर्षं विड्या वळलेल्या होत्या, म्हणून त्यांना कुणाची वेळ कधी येते ते न सांगता कळायचं. नंतरच्या सूचनांत सेविकेला बारावीची अट आली आणि मदतनीसाला दहावीची. शिक्षणाची अट चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. शिकलेली मुलगी आली तर गोष्टी वाचून दाखवेल, नोंदी नीट ठेवेल. पण वस्तीची भाषा येणं आणि तान्हं मूल हाताळता येणं यांनाही गुण असायला हवेत. निवडीच्या तक्त्यात त्यांना एकही गुण नव्हता.

१ जानेवारी २०१७ पासून योजना राज्यांकडे आली. केंद्राचे साठ, राज्याचे तीस आणि संस्थेचे दहा टक्के अशी वाटणी झाली. मानधन सेविकेला ३००० आणि मदतनीसाला १५०० झालं, आहाराचा दर १२ रुपयांवर गेला. दारिद्र्यरेषेखालच्या पालकांकडून महिन्याला २० रुपये घ्यायचे, त्यावरच्यांकडून १०० किंवा २००. दर सुधारले याचं आम्हाला बरंच वाटलं. पण पैसे एका तिजोरीतून येत होते ते दोन तिजोऱ्यांतून यायला लागले, आणि एकीची पावती पोहोचल्याशिवाय दुसरी उघडेना. छोट्या संस्थांना सहा-आठ महिने स्वतःच्या खिशातून केंद्र चालवणं झेपलं नाही. देशभरात एके काळी वीस हजारांवर पाळणाघरं या योजनेत होती. २०१९ च्या अखेरीस संसदेत दिलेल्या आकडेवारीत ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली होती. आमचीही काही केंद्रं त्यात गेली. केंद्र बंद करायचं म्हणजे खोलीचा ताबा देणं आणि पाळणे उचलणं एवढंच नसतं. वस्तीतल्या बायका विचारतात, ‘सोमवारपासून कुठं ठेवायचं?’ त्यांना द्यायला उत्तर नसतं.

मग २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली पाळणा योजना आली. तिचा भर अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्यावर आहे. २०२५-२६ पर्यंत देशात १७,००० अंगणवाडी-पाळणाघरं करायचं ठरलं. देशात अंगणवाड्या चौदा लाखांच्या घरात आहेत. म्हणजे ऐंशी अंगणवाड्यांमागे एक. विचार मला पटतो. अंगणवाडीची जागा आहे, आहार तिथंच येतो, आरोग्यसेविका तिथंच येते. ताराबाई मोडकांनी १९४५ च्या सुमाराला बोर्डीत बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि मूल आपल्याकडे येत नसेल तर आपण मुलाकडे जायचं हा धडा महाराष्ट्राला तिथूनच मिळालेला आहे. त्याच अंगणाला पाळणा बांधायचा, हे त्या विचाराला धरूनच आहे.

अडचण जागा निवडण्यात येते. आराखड्यासाठी जिल्ह्याची बैठक झाली तेव्हा अनुभवी संस्था म्हणून आम्हालाही बोलावलं होतं. यादी बनवताना पहिला निकष होता, स्वतःची पक्की इमारत आणि जादा खोली असलेली अंगणवाडी. दुसरा, पाणी आणि स्वच्छतागृह. हे निकष मुलांच्या सुरक्षेसाठी आहेत, ते हवेतच. पण ते पहिल्या नंबरला ठेवले की यादी आपोआप त्या गावांकडे जाते जिथं जागा मोकळी आहे. शहरात, झोपडपट्टीत, भाड्याच्या नऊ बाय नऊच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाड्या बाद होतात. आणि पाळणाघराची गरज नेमकी तिथं आहे. कुंभारीजवळच्या विडी घरकुलाचंच बघा. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं तिथं उभी राहिली, २००६ मध्ये. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या लढ्यातून मिळालेली ही हक्काची घरं आहेत, त्यांचं मोल मी जवळून पाहिलंय. पण पेठेतल्या जुन्या वाड्यात सासू होती, शेजारची म्हातारी होती, पोराकडे बघणारं कुणीतरी होतं. तरुण जोडपी शहराबाहेर राहायला गेली आणि म्हाताऱ्या पेठेत राहिल्या. एवढ्या मोठ्या वसाहतीचं नियोजन करताना नळ, रस्ते, वीज यांच्याबरोबर तान्ह्यांचा हिशोबही व्हायला हवा होता. पुढच्या वसाहतींना तरी तो आधी व्हावा.

त्या बैठकीत मी प्राधान्यक्रम बदलायची मागणी केली. इमारत शोधायच्या आधी वस्ती शोधा: जिथं तीन वर्षांखालची मुलं जास्त आणि दिवसभर कामाला जाणाऱ्या आया जास्त, ती वस्ती पहिली. जागा नसेल तर भाडं द्या, शहरातल्या दरानं. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी हवी. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं पाळणाघरांसाठी काढलेल्या किमान मार्गदर्शक सूचनांत हेच प्रमाण आहे, मग गरिबांच्या केंद्रात पंचवीस मुलांमागे दोघी का? आणि पाळणाघराची वेळ मातांच्या सभेत ठरू द्या. एका अधिकारी बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा लहान होता. बैठक संपल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘ताई, माझ्याकडे आई आहे म्हणून मी या खुर्चीत बसते.’

शेजारी बघितलं तर हे अशक्य नाही. आमच्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या कर्नाटकानं २०२३ मध्ये ‘कूसिना मने’ जाहीर केली, ग्रामपंचायतींमध्ये तान्ह्यांसाठी पाळणाघरं, आणि सांभाळणाऱ्या बायकांना रोजगार हमीतून मजुरी. चार हजार ग्रामपंचायतींचं लक्ष्य ठेवलं. रोजगार हमीच्या कायद्यात पाच लहान मुलं असतील तर एका बाईला सांभाळायला नेमायचं, ही तरतूद पहिल्यापासून होती. तिच्यासाठी खोली, प्रशिक्षण आणि आहार त्यांनी जोडला. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीची जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था पाड्यापाड्यांवर फुलवारी चालवते, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी. वस्तीतलीच बाई, वस्तीतलीच खोली, शेताची वेळ तीच फुलवारीची वेळ. बीड जिल्ह्यातून दरवर्षी कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांच्या मुलांसाठी आपण साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहांचा विचार केला, पण पाचटात झोपलेल्या वर्षाच्या पोराला दोन्हींत जागा नाही. फडाच्या कडेला फुलवारी नक्कीच चालू शकते. ऊस पहाटे तुटतो, तेव्हा ती पहाटे उघडावी लागेल.

राहता राहिलं मानधन. पाळणा योजनेत अंगणवाडी-पाळणाघराच्या सेविकेला महिन्याला ५५०० रुपये आणि मदतनीसाला ३००० ठरवलेत. दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस, भर म्हणून तान्ह्यांची जबाबदारी, आणि याला वेतन म्हणायचं नाही. महाराष्ट्रात २०२३ च्या डिसेंबरात अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं. तान्हं मूल सांभाळणं हे कुशल काम आहे. बाळाच्या रडण्यातला फरक ओळखणं, ताप चढायच्या आधी मलूलपणा ओळखणं, दहा जणांना एका वेळी झोपवून अकराव्याला खांद्यावर घेऊन फिरणं, हे येतं त्या बाईला त्याचे पैसे मिळायला हवेत. ते मिळत नाहीत म्हणून आमच्या दोन चांगल्या मदतनीस पुन्हा शिलाईच्या युनिटमध्ये गेल्या आणि त्यांची स्वतःची मुलं सांभाळायला आता कुणी नाही.

या वर्षीच्या प्रस्तावात आम्ही विडी घरकुलातली आणि पूर्व भागातली केंद्रं मागितली आहेत. सोबत घरोघर जाऊन केलेली यादी जोडली आहे: मुलाचं वय, आई काय काम करते, कधी निघते, कधी येते. मातांच्या सभेचा ठराव जोडला आहे, की विडी वस्तीत केंद्र सकाळी सातला उघडावं. भाड्याच्या रकमेचा आणि किमान वेतनाइतक्या मानधनाचा स्वतंत्र तक्ता दिला आहे. हे सगळं एकदम होणार नाही हे आम्ही जाणतो. निधी कमी पडला तर केंद्रांची संख्या कमी करा, पण वेळ आणि दोन्ही सेविकांचे पैसे कापू नका, असं प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच लिहिलं आहे.